फ्रांझ सेल, बोकडाचे कान आणि ९२ टक्के: प्रयोगशाळेत या चुका टाळा

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टची घाई सुरू झाली की माझ्या टेबलाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, सहा तासांत ९२ टक्के ड्रग पलीकडे गेलं!" आवाजात पेढे वाटायची तयारी असते. यंदाही एक जण असाच आला. मी विचारलं, "कातडं कुठून आणलंस?"

फ्रांझ सेल म्हणजे दोन कप्प्यांचं काचेचं भांडं. मध्ये कातडीचा तुकडा, वरच्या कप्प्यात औषध, खालच्या कप्प्यात द्रावण. कातडीतून किती औषध खाली उतरलं ते त्यात मोजतात. औषध त्वचेतून असं धो धो जात नाही. त्वचेच्या वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, पण सगळी राखण तोच करतो. तो फाटका असेल तर तुम्ही शोषण मोजत नाही, भोक मोजता. पुण्यात बहुतेक विद्यार्थी कॅम्पातून किंवा होस्टेलजवळच्या खाटकाकडून बोकडाचे कान आणतात, आणि घोळ तिथेच होतो. मुंडीचे केस काढायला ती जाळावर भाजतात, नाहीतर उकळत्या पाण्यात बुडवतात. असा कान दिसायला स्वच्छ आणि बिनकेसाचा असतो, म्हणून पोरं नेमका तोच उचलतात. आदल्या दिवशी सांगून ठेवा, "दादा, मुंडी भाजायच्या आधी कान काढून ठेवा." केस कात्रीने कापा. वस्तऱ्याने वरचा थर सोलला जातो. केस काढायची क्रीम तर नकोच, ती केराटिन हे केसांतलं प्रथिन विरघळवते आणि वरचा थर मुख्यतः केराटिनचाच असतो. आतली चरबी खरवडून काढा, फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांना ठेवा आणि एकदा वितळलेला तुकडा पुन्हा गोठवू नका. औषध लावण्याआधी त्या तुकड्याचा विद्युतरोध मोजा. इतरांच्या मानाने फारच कमी भरला तर तो तुकडा बाद. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

काही जण कान मिळाला नाही म्हणून सेलोफेनचा पातळ पडदा लावतात. लावा, हरकत नाही. पण मग थिसिसमध्ये 'औषध जेलमधून किती सुटलं' असं लिहा, 'त्वचेतून शोषलं गेलं' असं लिहू नका. आणि सेल बसवताना कातडीखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढी जागा मेलीच समजा. खालच्या कप्प्यातला बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आधी सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) ठेवून त्यातली हवा काढा.

हळदवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद

दरवर्षी निम्मी बॅच कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, घेते. पिवळा रंग दिसतो, स्वस्त मिळतं, आजीचा लेपही आठवतो. खालच्या कप्प्यात ही मंडळी ७.४ पीएचचा साधा फॉस्फेट बफर भरतात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे बफर लगेच संपृक्त होतो आणि पुढचं औषध वरच अडून राहतं. शिवाय त्या पीएचला ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक मोडून जातं. मग आलेख खाली झुकतो आणि निष्कर्ष निघतो, "शोषण कमी." शोषण कमी नव्हतं, नमुना बाटलीतच संपला. खालच्या कप्प्यात थोडं अल्कोहोल किंवा सर्फॅक्टंट (साबणासारखा विरघळायला मदत करणारा पदार्थ) घाला, त्याने कातडी बिघडत नाही हे कोऱ्या सेलवर तपासा आणि नमुना काढल्याबरोबर मोजा.

आणखी एक. १९९८ साली माणसांवर केलेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोचणारं प्रमाण, २००० टक्क्यांनी वाढली होती. हा आकडा प्रत्येक थिसिसच्या पहिल्या पानावर असतो, अगदी मलमाच्या थिसिसमध्येही. तो तोंडावाटे घेतलेल्या औषधाचा आहे. पायपरिन आतड्यात आणि यकृतात कर्क्युमिनचं रूपांतर लांबवतं. कातडीच्या दाराशी त्याचा हा उपयोग गृहीत धरता येत नाही.

सनस्क्रीन आणि गोरेपणाच्या क्रीम

सनस्क्रीनचा एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) काढायला १९८६ चं मन्सूर समीकरण वापरतात. अल्कोहोलमध्ये विरघळवा, गाळा, २९० ते ३२० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात दर पाच नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला त्याचं वाचन घ्या. सोपं आहे, म्हणूनच फसतं. पण ऊन अडवणारी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत. गाळलं की अख्खं सनस्क्रीन कापसावर राहतं, आणि आपण कंपनी फसवते म्हणून मोकळे होतो. डब्यावरचा आकडा माणसाच्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. त्याची आणि क्युव्हेटमधल्या (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीतल्या) आकड्याची थेट तुलना होत नाही. सनस्क्रीन आत न जाणंच चांगलं, हेही काही जण विसरतात आणि खालच्या कप्प्यात जास्त सापडलं म्हणून खूश होतात.

गोरेपणाच्या क्रीममध्ये क्लोबेटासोल हे स्टेरॉइड शोधताना २४० नॅनोमीटरला साधं यूव्ही वाचन घेऊ नका. क्रीम टिकवायला घातलेले पॅराबेनही तिथेच प्रकाश शोषतात. औषध नसलेली कोरी क्रीम चालवून बघा, नाहीतर सरळ एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) वापरा. पारा शोधताना नमुना हॉटप्लेटवर उघडा शिजवलात तर पारा उडून जातो आणि विषारी क्रीम 'सुरक्षित' ठरते. नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून इतरांत नकळत आलेला पारा १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही. एवढ्या बारीक मोजणीला बंद भांड्यातलं मायक्रोवेव्ह डायजेशन (नमुना आम्लात तापवून विरघळवणं) हवं. आणि तुळशीबागेतून आणलेल्या एका ट्यूबवरून अख्ख्या ब्रँडचा निकाल लावू नका. निदान बॅच नंबरचा फोटो तरी काढा.

मे महिना आणि गुरुवार

त्वचेचा पृष्ठभाग ३२ अंशांवर हवा. मे महिन्यात एसी नसलेली प्रयोगशाळा त्याच्या वर असते आणि आपला वॉटरबाथ फक्त तापवतो, गार करत नाही. चोवीस तासांचा प्रयोग गुरुवारवर येऊ देऊ नका. पुण्यात देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचा वार तोच. नळ बंद म्हणजे डिस्टिलेशनही बंद.

बाकी त्या ९२ टक्केवाल्याला मी वरच्या कप्प्यातलं उरलेलं जेल आणि कातडीतलं औषधही मोजायला लावलं. वरचं, मधलं आणि खालचं मिळून शंभराच्या आसपास, फार तर दहा इकडे-तिकडे यायला हवं. त्याची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे गेली. नमुन्यांबरोबर बाहेर काढलेल्या औषधाची भर त्याने एक्सेलमध्ये दोनदा धरली होती. कानही भाजलेलाच होता. नवे कान आणायला तो बुधवारी संध्याकाळी गेला, म्हणून सेल लावले शुक्रवारी.