एकवीस गिअरचे सात: नवशिक्याची माउंटन बाइक सोपी करताना

ठाण्यात उपवन तलाव मागे पडून येऊरचा चढ सुरू होतो, तिथे माझी पुतणी गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा अडली. तिच्या पायांत बळ होते आणि दमही टिकून होता. परंतु चढ वाढताच तिने घाईने डाव्या अंगठ्याने हँडलवरची गिअर बदलण्याची लिव्हर दाबली, पेडल हलके होण्याऐवजी एकदम जड झाले, कडकड आवाज झाला आणि चेन उतरली. यात तिची चूक नव्हती, कारण या सायकलींची रचनाच नवख्या माणसाला फसवणारी असते. उजव्या अंगठ्याने मोठी लिव्हर दाबली की मागे चेन चाकाजवळच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढते आणि पेडल हलके होते. डाव्या अंगठ्याने अगदी तशीच लिव्हर दाबली की पुढे चेन मोठ्या चेनरिंगवर, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी कड्यावर, चढते आणि पेडल जड होते. दोन्ही अंगठ्यांची हालचाल एकच असूनही परिणाम मात्र उलट होतो आणि नेमका चढावर, विचार करायला उसंत नसताना, हा फरक आठवावा लागतो. म्हणून शिकणाऱ्याला एकच लिव्हर द्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

असे केल्याने गिअर वाया जातील, ही शंका साहजिक आहे. सुरुवातीच्या किमतीच्या बहुतेक सायकलींना पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चेनरिंग असतात आणि मागे सात चकत्यांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरील चकत्यांचा संच) असते, ज्यातील दात्यांची मांडणी अनेकदा १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८ अशी असते. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की पेडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरते ते कळते. २४ ला १४ ने भागल्यास १.७१ येते, ३४ ला २० ने भागल्यास १.७० आणि ४२ ला २४ ने भागल्यास १.७५, म्हणजे हे तीन वेगळे गिअर पायांना जवळजवळ एकच वाटतात. त्यातच मोठी चेनरिंग आणि सर्वांत मोठी चकती, किंवा लहान चेनरिंग आणि सर्वांत लहान चकती, या जोड्यांत चेन तिरकी ओढली जाऊन लवकर झिजते, म्हणून त्या टाळायच्याच असतात. सायकलवर लिहिलेल्या २१ या आकड्यातून खरोखर उपयोगाचे वेगळे गिअर बरेच कमी उरतात.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे आणि महिनाभर तोच करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. पुढची चेन मधल्या, ३४ दात्यांच्या चेनरिंगवर आणावी, डाव्या शिफ्टरवर (गिअर बदलण्याच्या लिव्हरच्या भागावर) कापडी चिकटपट्टी गुंडाळावी आणि सर्व गिअर उजव्या हातानेच बदलावेत. मधली चेनरिंगच निवडण्याचे कारण असे की ती साधारणपणे मागच्या सात चकत्यांच्या मध्याच्या रेषेत असते, त्यामुळे दोन्ही टोकांच्या चकत्यांवरही चेन फार तिरकी होत नाही. या महिन्यात एकच सवय लावून घ्यावी: चढ सुरू झाल्यावर नव्हे, तर तो समोर दिसू लागताच गिअर हलका करावा आणि बदलताना पेडल फिरते ठेवून पायाचा जोर क्षणभर कमी करावा. पाम बीच रस्त्यासारख्या सपाट भागात हे सहज जमते. बेलापूरच्या पारसिक टेकडीवर किंवा येऊरला ते अंगवळणी पडले आहे की नाही, ते कळते.

महिन्यानंतर डाव्या हाताची आठवण येत नसेल, तर ती लिव्हर कायमची निकामी करावी. पुढच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाची, केबल सोडवून काढून टाकावी. केबल निघाली की स्प्रिंग डिरेलरचा पिंजरा (ज्यातून चेन जाते तो भाग) आतल्या बाजूला ओढते. मग डिरेलरवरील ‘एल’ खुणेचा स्क्रू हळूहळू आत फिरवत नेल्यास पिंजरा बाहेर सरकतो आणि बऱ्याच सायकलींत तो मधल्या चेनरिंगवर आणून थांबवता येतो. पेडल उलटे-सुलटे फिरवून आणि मागच्या सातही चकत्यांवर चेन नेऊन ती पिंजऱ्याला घासत नाही ना, हे पाहावे. स्क्रूची लांबी अपुरी पडली तर केबल परत जोडून शिफ्टर मधल्या खाचेवर तसाच सोडावा. हा पिंजरा काढून टाकण्याची घाई करू नये, कारण खडबडीत वाटेवर तोच चेनला दोन्ही बाजूंनी आवरून धरतो आणि स्वस्त सायकलींच्या मागच्या डिरेलरमध्ये चेन ताणून धरणारा क्लच नसतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अनेक सायकलींत डावा शिफ्टर आणि ब्रेकची लिव्हर हा एकच जोडभाग असतो. हँडल मोकळे दिसावे म्हणून तो काढल्यास ब्रेकही जातो, म्हणून अशा वेळी केवळ गिअरची केबल काढावी आणि जोडभाग जागेवर ठेवावा.

आता खर्चाच्या उपायाकडे वळतो. ३४ ची चेनरिंग कायम ठेवून मागे २८ चीच मोठी चकती असेल, तर सर्वांत हलका गिअर १.२१ चा होतो, तर मूळ सायकलीत २४ आणि २८ च्या जोडीने तो ०.८६ होता. येऊरच्या चढावर हा फरक गुडघ्यांना जाणवतो. तो भरून काढण्यासाठी १४ ते ३४ दात्यांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील बसवावे आणि शक्य असल्यास पुढे ३२ ची चेनरिंग घ्यावी. मग हलका गिअर ०.९४ चा मिळतो, जो जुन्याच्या बराच जवळ आहे. वरच्या टोकाला काय गमावले तेही मोजावे. साडेसत्तावीस इंची चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर धरला आणि पेडल मिनिटाला ८० फेऱ्या फिरले, तर ४२ व १४ च्या जोडीने वेग ताशी सुमारे ३१ किलोमीटर होतो आणि ३२ व १४ च्या जोडीने साडेतेवीस. शिकणाऱ्याला साडेतेवीस पुरेसे आहेत. गिअर निवडताना सर्वांत वेगवान क्षणाचा नव्हे, तर आपल्या वाटेवरील सर्वांत तीव्र चढाचा विचार करावा. मोठी चकती घेण्यापूर्वी मागचा डिरेलर ३४ दात्यांपर्यंत चालतो की नाही, हे त्याच्या मॉडेलवरून तपासावे. काही साधे डिरेलर २८ पर्यंतच चालतात.

पुढची चेनरिंग बदलायची असल्यास आधी क्रँक (पेडलच्या दांड्या आणि चेनरिंग यांचा जोड) नीट पाहावा. स्वस्त क्रँकमध्ये तिन्ही चेनरिंग रिव्हेटने कायमच्या जोडलेल्या असतात आणि सुट्या होत नाहीत, त्यामुळे पूर्ण क्रँकच बदलावा लागतो. बोल्टने जोडलेल्या असतील तर चार बोल्टच्या, १०४ मिलिमीटर मापाच्या (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) क्रँकवर ३२ ची चेनरिंग मधल्या जागी बसते, मात्र बाहेरची मोठी चेनरिंग काढल्यावर जुने बोल्ट लांब पडतात, म्हणून एका चेनरिंगसाठीचे आखूड बोल्ट सोबतच आणावेत. एकाआड एक रुंद व अरुंद दाते असलेली चेनरिंग चेन घट्ट पकडते. ती घेताना आपल्या सात गिअरच्या चेनला चालेल याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी.

चौकोनी दांड्याचा क्रँक काढण्यासाठी क्रँक पुलर लागतो. बोल्ट आणि त्याखालची वॉशर पूर्ण काढून, पुलर हाताने शेवटपर्यंत आत फिरवून मगच पान्याने जोर लावावा, नाहीतर क्रँकचे आटे कायमचे जातात. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नये. फ्रीव्हील मात्र दुकानातच काढून घ्यावे असे मी सुचवेन, कारण प्रत्येक पेडलमागणिक ते अधिक घट्ट होत आलेले असते आणि त्यासाठी योग्य खाचांचे साधन व मजबूत बाकपकड (व्हाइस) लागते. नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगावे. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर कोरडे आटे गंजून जाम होतात.

चेनची लांबी ठरवण्यासाठी ती मागच्या डिरेलरमधून न नेता पुढच्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून ओढून घ्यावी, जिथे टोके जुळतात तिथे एक आतली आणि एक बाहेरची अशा दोन कड्या जास्त धराव्यात आणि उरलेली चेन कटरने तोडावी. चकत्या जुन्या चेनसोबत फार झिजल्या असतील तर नवी चेनच घ्यावी, कारण झिजलेली चेन नव्या दात्यांनाही लवकर झिजवते.

शेवटी मागचा डिरेलर जुळवावा. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर असताना डिरेलरचे वरचे लहान चाक त्या चकतीला टेकत असेल, तर ‘बी’ स्क्रू आत फिरवून अंतर वाढवावे. ‘एल’ स्क्रूने चेन आऱ्यांत जाणार नाही आणि ‘एच’ स्क्रूने ती फ्रेमच्या बाजूला पडणार नाही, एवढी मर्यादा घालावी. मोठ्या चकतीकडे जाताना चेन रेंगाळत असेल, तर केबलचा बॅरल (ताण कमी-जास्त करणारे फिरते टोक) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवून पुन्हा पाहावे. नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत सैल पडते, तेव्हा ही पाव फेरी आठवडाभराने पुन्हा द्यावी लागते. माझ्या पुतणीच्या सायकलीला ती दोनदा द्यावी लागली आणि त्यानंतर येऊरच्या चढावर तिची चेन उतरलेली नाही.