वारंवार हात लागणाऱ्या पृष्ठभागांसाठी टिकाऊ जंतुरोधक लेप कसा विकसित करावा

मुंबईच्या लोकलच्या दारातला खांब, लिफ्टचे बटण आणि दवाखान्याच्या दाराची मूठ या तिन्हींना दिवसभर हात लागत असले, तरी तिन्हींना एकच लेप चालेल असे गृहीत धरू नये. खांबावर घाम आणि तेलकटपणा चढत राहतो, बटण बोटाच्या टोकाने एकाच जागी झिजते आणि मूठ जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा पुसली जाते. म्हणून रसायनांची निवड करण्याआधी सफाई कर्मचाऱ्यांकडे चौकशी करावी: कशाने पुसता, किती वेळा आणि किती जोर लावून? सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय लेपाच्या रेणुसाखळ्या तोडते, तर डिटर्जंटचा न धुतलेला थर धनभारित लेपाचा भार झाकून त्याला निष्क्रिय करतो.

घटक निवडताना कोरड्या पृष्ठभागाचा विचार आधी करावा. चांदीचे आयन सुटण्यासाठी ओलावा लागतो. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाश लागतो, जो जिन्यातल्या दिव्याखाली नावापुरताच मिळतो. तांब्याचे मिश्रधातू मात्र कोरडेही काम करतात, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 मध्ये त्यांची जंतुरोधक म्हणून नोंदणीही केली. जुन्या इमारतीतली पितळी मूठ आहे तशीच वापरता येत असेल तर नवा लेप लावूच नये. फक्त चकाकी टिकावी म्हणून तिच्यावर लॅकर चढवू नये, कारण मग हात धातूला लागतच नाही.

प्लॅस्टिक आणि रंगवलेल्या लोखंडासाठी कायटोसान विचारात घेण्याजोगे आहे. ससून डॉकला कोळंबी सोलल्यावर उरणाऱ्या टरफलांत त्याचा मूळ पदार्थ, कायटिन, असतो. तथापि कायटिनचे कायटोसान करण्यासाठी 40 ते 50 टक्के तीव्रतेचा कॉस्टिक सोडा तापवावा लागतो, आणि ते सांडपाणी उदासीन न करता सोडणाऱ्याने पर्यावरणपूरकतेची भाषा करू नये. छोट्या प्रयोगशाळेने प्रथिने पूर्ण काढलेले तयार कायटोसान विकत घेणे बरे.

सुमारे 100 मिलिलिटर पाण्यात 1 मिलिलिटर असेटिक आम्ल घालून त्यात 1 ते 2 ग्रॅम कायटोसान रात्रभर ढवळत ठेवावे आणि द्रावण मलमलीतून गाळावे. वाळलेली फिल्म पाण्याने फुगते, पावसाळ्यात तर फारच. म्हणून तिला इपॉक्सी गट असलेल्या सिलेनने (रेणूंना एकमेकांशी बांधणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाने) जोडावे लागते. खरी कसोटी इथे आहे. सिलेन कायटोसानच्या ज्या अमिनो गटांना पकडतो, त्याच गटांवरचा धनभार जिवाणूंचे आवरण बिघडवतो. त्यामुळे सिलेन वाढवत गेल्यास लेप कणखर होतो आणि जंतूंवरचा परिणाम उतरत जातो. प्रमाण एकदम ठरवू नये. सिलेनच्या चार-पाच वेगवेगळ्या मात्रांच्या पट्ट्या करून प्रत्येकीची चिकटण्याची ताकद आणि जंतुरोधकता सोबतच मोजावी. या सिलेनच्या जलविघटनात मिथेनॉल सुटते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा हवीच. प्लॅस्टिकवरचा लेप 60 अंशांच्या आसपास पक्का करावा, अन्यथा भाग वाकण्याचा धोका राहतो.

चाचणीआधी पट्टी नेहमीच्याच जंतुनाशकाने शेकडो वेळा पुसावी. ताज्या लेपाचे आकडे फारसे उपयोगाचे नसतात. चौकटी कापून चिकटपट्टी ओढण्याची परीक्षाही याच झिजलेल्या पट्टीवर घ्यावी. आयएसओ 22196 या प्रमाणित पद्धतीत जिवाणूंचे द्रावण पातळ फिल्मखाली 35 अंशांवर, दमट हवेत 24 तास ठेवतात. 99.9 टक्के घट म्हणजे दहा लाखांतले हजार जिवाणू उरले. शिवाय दाराच्या मुठीवर तो ओलावा आणि तितका वेळ दोन्ही नसतात. म्हणून थेंब वाळवून मिनिटांत मोजणारी कोरडी चाचणी जोडीला ठेवावी. जिवाणूंसह काम प्रशिक्षित प्रयोगशाळेतच करावे. पट्टी कृत्रिम घामात बुडवून त्यात काय झिरपते तेही तपासावे, कारण झिरपून काम करणारा लेप लवकर संपतो आणि गटारात जातो.

शेवटी एकाच इमारतीतल्या निम्म्या मुठींना लेप लावावा, निम्म्या तशाच ठेवाव्यात आणि नमुने घेणाऱ्याला कोणती मूठ कोणती हे सांगू नये. सफाई दोन्हीकडे पूर्ववत चालू ठेवावी, आणि नमुने पावसाळ्यात व हिवाळ्यात वेगवेगळे घ्यावेत.