स्वालबारचे प्राचीन खडक कसे वाचावेत आणि ग्रीनलँडशी कसे जुळवावेत

उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या दोन प्रदेशांतील खडक सारखे दिसले की ते एकाच भूमीचे तुकडे असावेत, असे म्हणण्याचा मोह होतो. रंग, पोत आणि जाडी यांवर आधारलेली अशी जुळणी बहुधा टिकत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक खुणा दोन्हीकडे त्याच क्रमाने येत असतील, तरच सहसंबंध मानावा. नॉर्वेच्या स्वालबार या आर्क्टिक द्वीपसमूहाच्या ईशान्य भागात, म्हणजे नी-फ्रीसलँड व नॉर्डआउस्टलांडेट येथे, आणि पूर्व ग्रीनलँडमध्ये अशी जुळणी खरोखर सापडते. म्हणून पद्धत शिकण्यासाठी हेच उदाहरण घ्यावे.

प्रथम थरांची वरची बाजू कोणती ते ठरवावे. कॅलेडोनियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन पर्वतनिर्मितीत, सुमारे ४० ते ४४ कोटी वर्षांपूर्वी, येथील खडकांना वळ्या पडल्या. त्यामुळे जे खाली आहे ते जुनेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. स्ट्रोमॅटोलाइटांचे, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेल्या खडकांचे, घुमट वरच्या दिशेने फुगलेले असतात, तर लाटांनी उमटवलेल्या तरंगचिन्हांची टोकदार शिखरे वर रोखलेली असतात. ईशान्य स्वालबारमधील अकॅडेमिकरब्रीन या खडकगटाच्या सुमारे दोन किलोमीटर जाडीच्या चुनखडक व डोलोमाइटांत स्ट्रोमॅटोलाइट विपुल आहेत, त्यामुळे हे काम तेथे सोपे जाते.

त्यानंतर उभा स्तंभ काढावा आणि खडकांना लगेच नावे न देता जे दिसते तेवढेच नोंदवावे. या कार्बोनेटांच्या, म्हणजे वरील चुनखडक व डोलोमाइटांच्या, वर पोलारिसब्रीन गट येतो. त्यात गोटे, वाळू आणि चिखल यांचे अनिवडक मिश्रण असलेले दोन थर आहेत: खालचा पेट्रोव्हब्रीन आणि वरचा विल्सनब्रीन. असे मिश्रण समुद्रतळावरील उतारावरून घसरलेल्या गाळातूनही तयार होते, म्हणून ते दिसताच ‘हिमनदीचा गाळ’ असे लिहू नये. गोट्यांवर ओरखडे आहेत का आणि बारीक थरांत एखादा दगड वरून पडून रुतला आहे का, ते पाहावे. रुतलेल्या दगडाखाली थर वाकलेले असतात आणि वरचे थर त्याला पांघरूण घालावे तसे बसलेले असतात; तरंगत्या बर्फाने आणलेल्या दगडाची ती खूण होय. भूवैज्ञानिक ब्रायन हार्लंड यांनी स्वालबारमध्ये अनेक वर्षे काम केले आणि १९६४ मध्ये जगभर पसरलेल्या प्राचीन हिमयुगाची कल्पना मांडली. तिचा पाया अशाच निरीक्षणांचा होता.

पूर्व ग्रीनलँडमध्येही जाड कार्बोनेटांच्या वर उल्व्हेसो आणि स्टोरेएल्व्ह असे हिमजन्य गाळाचे दोन थर आहेत. येथे मात्र अत्यंत सावध राहावे, कारण ‘दोन इकडे, दोन तिकडे’ हा केवळ मोजणीचा पुरावा आहे. स्वालबारचे दोन्ही थर एकाच हिमयुगाचे की दोन वेगळ्या हिमयुगांचे, यावर संशोधकांची मते बदलत गेली. आज खालचा थर सुमारे ७१.७ ते ६६ कोटी वर्षांपूर्वीच्या स्टर्टियन हिमयुगाचा आणि वरचा ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या मॅरिनोअन हिमयुगाचा मानला जातो. या निष्कर्षामागे कार्बनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या) प्रमाणातील चढउतार आहेत, विल्सनब्रीनमधील सल्फेटाच्या ऑक्सिजनमध्ये सापडलेली विशिष्ट खूण आहे, आणि त्यावर झाकणासारखा बसलेला फिकट डोलोमाइटाचा थरही आहे. समस्थानिकांचे नमुने घेताना पुनर्स्फटिकीभवन झालेले तुकडे कटाक्षाने टाळावेत. अन्यथा मूळ समुद्राऐवजी नंतर झिरपलेल्या पाण्याचा इतिहास मोजला जातो.

वालुकाश्मातील झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांची वये मोलाची असली, तरी त्यांच्याकडून भलते काम करून घेऊ नये. सर्वांत तरुण कण इतकेच सांगतो की खडक त्याहून जुना नाही. तो किती तरुण आहे, हे त्यावरून कळत नाही. नॉर्डआउस्टलांडेटच्या पायातील ग्रॅनाइट सुमारे ९५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, पण त्या सुमाराची वये उत्तर अटलांटिकभोवतीच्या अनेक प्रदेशांत आढळतात, म्हणून वयांच्या आलेखातला एकच उंचवटा जुळल्याने शेजार सिद्ध होत नाही. याउलट नी-फ्रीसलँडच्या ऑर्डोव्हिशियन (सुमारे ४९ ते ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांतील उथळ समुद्रातले ट्रायलोबाइट, म्हणजे कवचधारी, नामशेष सागरी संधिपाद प्राणी, बाल्टिका या उत्तर युरोपच्या प्राचीन खंडाशी नव्हे, तर लॉरेन्शियाशी, म्हणजे ग्रीनलँड व उत्तर अमेरिकेच्या बाजूशी, नाते सांगतात. जीवाश्मांचा हा साक्षीदार मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो, कारण गाळाच्या प्रकाराशी किंवा समस्थानिकांशी त्याचा संबंध नाही.

हाच निष्कर्ष संपूर्ण स्वालबारला लावू नये. नैऋत्येकडील व्हेस्टगोटाब्रीन संकुलात सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी उच्च दाबाखाली घडलेले नीलशिस्ट व एक्लोजाइट हे रूपांतरित खडक आहेत, आणि त्या पट्ट्याचे साम्य कॅनडातील एल्समीअर बेटाच्या उत्तर टोकावरील पिअर्‍या या भूखंडाशी दाखवले जाते. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून पश्चिम किनाऱ्यावरील नी-ऑलेसुंड येथे आहे आणि त्याचे व्यवस्थापन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. नी-ऑलेसुंडला जाणाऱ्याने आणखी एक भान ठेवावे: त्या परिसरात इओसीन काळातील (सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या) दाबामुळे कार्बोनिफेरस-पर्मियन काळातील (सुमारे ३६ ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे) खडक तरुण कोळशाच्या थरांवर सरकून आले आहेत.

शेवटी तक्ता काढताना दोन स्तंभांमधील रेषांत फरक करावा. किमान दोन स्वतंत्र पुराव्यांनी बांधलेली रेषा अखंड काढावी, केवळ खडकाच्या प्रकारावर बेतलेली रेषा तुटक ठेवावी, आणि प्रत्येक रेषेजवळ तिचा पुरावा लिहावा, म्हणजे नवे वय हाती आल्यावर नेमकी कोणती रेषा पुसायची ते पुढच्या माणसाला कळेल.