नव्या शहरातली कला पाहायला निघालात? या चुका टाळा

पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं आणि नदीपलीकडचं ऑर्से सोमवारी. माद्रिदचं रेना सोफिया मंगळवारी बंद, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी, फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचा पहिला घोळ इथेच होतो. विमान ठरतं, हॉटेल ठरतं आणि संग्रहालयं रोज उघडीच असणार असं धरून चाललं जातं. तारखा पक्क्या करण्याआधी एका कागदावर आडवे वार आणि उभी ठिकाणं मांडा, बंद असलेल्या चौकटींवर फुली मारा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याच कागदावर उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या संध्याकाळीही लिहा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत, ऑर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत उघडं असतं. सहानंतर शाळांच्या सहली आणि बसने आलेले गट पांगलेले असतात. सकाळी ज्या दालनात माना उंच करून पाहावं लागतं, तिथे संध्याकाळी बाकावर बसायला जागा मिळते. मात्र दारावर लिहिलेली बंद व्हायची वेळ ही तुमची वेळ नव्हे. शेवटचा प्रवेश बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक तास आधी थांबतो आणि दालनं रिकामी करायलाही आधीच सुरुवात होते. लांबच्या कोपऱ्यातलं काही पाहायचं असेल तर ते आधी पाहा.

इमारत पाहायची की चित्र?

यादी करताना लोक इमारतींची नावं लिहितात, आणि मग हवं ते चित्र दुसऱ्याच शहरात असल्याचं तिथे गेल्यावर कळतं. व्हॅन गॉगची ‘तारांकित रात्र’ ॲम्स्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयात नाही, ती न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. व्हर्मीरची मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी ॲम्स्टरडॅमलाही नाही, ती हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे. पिकासोचं ‘गेर्निका’ माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात शोधू नका, ते त्याच शहरातल्या रेना सोफियात आहे. फ्लॉरेन्सच्या चौकात उभा असलेला डेव्हिड ही प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ मध्येच तिथून हलवून त्याच शहरातल्या अकादेमिया या संग्रहालयात नेला गेला.

म्हणून यादी कलाकृतींची करा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: शहर, संग्रहालय, दालन क्रमांक. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळावर प्रत्येक वस्तूचं स्वतंत्र पान असतं. ती सध्या मांडलेली आहे की नाही आणि असेल तर कुठल्या दालनात, हे त्या पानावर लिहिलेलं असतं. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात ते पान पुन्हा एकदा उघडा. चित्रं दुसऱ्या देशातल्या प्रदर्शनाला उसनी जातात, दुरुस्तीला जातात, आणि कागदावरची कामं तर मुद्दामच आत ठेवली जातात.

जलरंग, रेखाटनं, छापचित्रं, जुने फोटो यांचं उजेडाने होणारं नुकसान भरून निघत नाही. रंग एकदा उडाला की परत येत नाही. त्यामुळे अशी कामं साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतक्या मंद उजेडात, तीन-चार महिन्यांपुरती मांडतात आणि मग बराच काळ अंधारात ठेवतात. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात असलेलं ड्यूररचं सशाचं चित्र (१५०२) याच कारणाने क्वचितच बाहेर येतं. ओस्लोच्या मुंक संग्रहालयात ‘किंकाळी’च्या रंगचित्र, रेखाटन आणि छापचित्र अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, पण एका वेळी एकच उघडी असते आणि ती ठरावीक वेळाने बदलते. तुम्हाला रंगचित्रच पाहायचं असेल तर पाळी येईपर्यंत बाकीची दालनं पाहून परत या. किंवा त्याच शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात जा, तिथे १८९३ चं चित्र आहे. दालनातल्या अंधाराबद्दल अनेकजण पहारेकऱ्याकडे तक्रार करतात. त्यापेक्षा दारातच दोन-तीन मिनिटं थांबा. डोळे सरावले की रेषा दिसू लागतात.

जुन्या गाइडबुकावर विसंबू नका. बर्लिनचं पेर्गामॉन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून आणि पॅरिसचं पाँपिदू केंद्र २०२५ पासून मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झालं, आणि ही कामं वर्षानुवर्षांची असतात. व्हेनिसच्या कलाद्वैवार्षिकासाठी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनासाठी, वर्षही पाहावं लागतं. अलीकडे सम वर्षी कला आणि विषम वर्षी वास्तुकला असा क्रम आहे.

तिकिटाचे घोळ

मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ पाहायला फक्त १५ मिनिटं मिळतात, तीही मोजक्या लोकांच्या गटात, एकामागून एक बंद होणाऱ्या दारांतून आत जाऊन. हे कडक वाटतं, पण कारण चित्रातच आहे. लिओनार्दोने ते ओल्या गिलाव्यावर रंगवलं नाही, कोरड्या भिंतीवर रंगवलं. रंग भिंतीत मुरला नाही आणि काही दशकांतच पापुद्रे सुटू लागले. वीसेक वर्षं चाललेली दुरुस्ती १९९९ मध्ये संपली. आता बाहेरची धूळ आणि श्वासांची वाफ मोजूनच आत सोडतात. अशा ठिकाणी दारात तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका. ॲम्स्टरडॅमचं ॲन फ्रँक घर तर तिकिटं फक्त ऑनलाइन देतं, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. घराचा पत्ता पाठ असून उपयोग नाही, मंगळवार पाठ हवा.

तिकीट काढताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत:

- शोधयंत्रात वर येणारं संकेतस्थळ अधिकृत असतंच असं नाही. संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरून तिकिटाच्या पानावर जा.
- ‘रांग टाळा’ म्हणजे तिकिटाची रांग टळते. सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना असते. वेळेच्या आधी अर्धा तास हाताशी ठेवा.
- रोमच्या कोलोसियमसारख्या ठिकाणी तिकिटावर नाव असतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, लाडकं किंवा अर्धवट नाव नको.
- शहराच्या पासमध्ये (एकाच पासावर अनेक संग्रहालयं) प्रवेश मोफत असला तरी वेळ वेगळी आरक्षित करावी लागते. पॅरिसचा म्युझियम पास घेऊनही लूव्रसाठी हे करावं लागतं.

पास घ्यावा का, हे बेरजेवर ठरवा. दिवसाला दोन ठिकाणं धरा, तीन नाही, आणि त्यांची सुटी तिकिटं जोडा. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि टेटचा कायमचा संग्रह मोफत आहे. ती नावं बेरजेत धरलीत तर हिशोब चुकेल. तिथे पैसे पडतात ते विशेष प्रदर्शनांना. आणि मोफत तासांचा मोह जपून धरा. प्राडो रोज शेवटचे दोन तास मोफत असतं, पण रांग बरीच आधी लागते आणि त्यातला वेळ त्या दोन तासांतूनच जातो.

तिकिटं संपली असतील तर चौघांची एकत्र शोधू नका, एकेकट्याची शोधा. रद्द झालेल्या जागा सुट्या परत येतात. आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी पान पुन्हा पाहा. संग्रहालयाच्या स्वतःच्या मार्गदर्शित फेरीचा कोटा अनेकदा वेगळा असतो, तोही तपासा.

पाय आधी थकतात, मग डोळे

बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी एका माणसाला कपाटांतल्या वस्तू पाहायला आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचायला सांगून त्याचे फोटो काढले. फोटोंत तो माणूस कुठे कमरेत वाकलाय, कुठे गुडघ्यावर आलाय, कुठे मान तिरकी करून काचेला नाक लावतोय. वस्तू पाहायलाच इतके कष्ट पडतात, हे त्यांना दाखवायचं होतं. आजही थकवा तिथूनच येतो: कडक फरशी, थांबत-थांबत चालणं आणि प्रत्येक चिठ्ठी वाचण्याचा हट्ट.

दीड तासाने बाहेर या, बसा, पाणी प्या. एका खेपेला तीन-चार दालनं पुरे. चित्र आधी पाहा, चिठ्ठी नंतर वाचा, आणि तीही तुम्हाला थांबवणाऱ्या चित्रांचीच. बऱ्याच संग्रहालयांत घडीचे हलके स्टूल मोफत मिळतात, सामान ठेवण्याच्या खिडकीवर विचारा.

लूव्रमधल्या मोनालिसाच्या दालनातच पाहा. ते चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, जाड काचेमागे, कठड्यापलीकडे. पाच-सातशे किलोमीटर प्रवास करून आलेली माणसं तिथे अर्धा मिनिट उभी राहतात, फोनवर फोटो काढतात आणि निघतात. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं काना गावचं लग्न आहे, १५६३ चं, जवळजवळ १० मीटर रुंद, शंभराहून जास्त माणसांनी भरलेलं. मधोमध वादक बसलेत, उजवीकडे एक सेवक जड रांजण कलता करून दारू ओततोय. मोनालिसाकडे पाठ करा आणि पाच मिनिटं तिथेच राहा. दाराबाहेरच्या लांब दालनात लिओनार्दोची आणखी चित्रं रांगेशिवाय पाहता येतात. गर्दीने चिडायला होत असेल तर त्यांच्यासमोर जा, हाच लिओनार्दो तिथे शांतपणे भेटतो.

नाटक, ऑपेरा, मैफल

उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्यांची नेहमीची फसगत म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक ऑपेरागृहांचा हंगाम संपलेला असतो. मिलानच्या ला स्कालाचा हंगाम ७ डिसेंबरला उघडतो. उन्हाळ्यात महोत्सव शोधा, नेहमीची नाट्यगृहं नाही.

स्वस्त तिकीट घेताना नकाशावर फक्त अंतर पाहू नका, कोन पाहा. जुनी प्रेक्षागृहं घोड्याच्या नालेच्या आकाराची असतात. बाजूच्या बॉक्समधल्या पुढच्या खुर्चीवरून निम्मा रंगमंच दिसतो, मागच्या खुर्चीवरून फक्त समोरचे प्रेक्षक. त्याच पैशांत सर्वांत वरच्या मजल्यावर मधोमध जागा मिळत असेल तर ती घ्या. नट लहान दिसतील, पण पूर्ण रंगमंच दिसेल आणि आवाज तिथे उत्तम पोहोचतो. रंगमंचाजवळ दाखवल्या जाणाऱ्या भाषांतराच्या ओळी त्या जागेवरून दिसतात का, हेही विचारून घ्या. लंडनच्या शेक्सपिअर ग्लोबमध्ये उभ्याने पाहायची तिकिटं स्वस्त असतात, पण वर छत नाही आणि छत्री उघडायला मनाई आहे. रेनकोट न्या.

उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागतं, आणि मध्यंतर असतंच असं नाही. वाग्नरचा ऑपेरा ‘राइनगोल्ड’ सुमारे अडीच तास सलग चालतो. तिसऱ्या घंटेच्या हिशोबाने निघू नका, पहिल्या घंटेआधी पोहोचा. पाश्चात्त्य शास्त्रीय मैफलीत टाळ्या रचनेचे सगळे भाग संपल्यावर वाजवतात, मधल्या भागांनंतर नाही, म्हणून भाग किती ते कार्यक्रमपत्रिकेवरून मोजा. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत तिसरा भाग असा दणक्यात संपतो की जाणकार सभागृहातही टाळ्या पडतात, आणि खरा शेवट चौथ्या भागाच्या अगदी मंद सुरांवर होतो. खात्री नसेल तर वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा.

सामान आणि फोटो

पाठीवरची सॅक दालनात पोटावर घ्यावी लागते किंवा लॉकरमध्ये. मोठी बॅग लॉकरमध्येही घेत नाहीत, त्यामुळे हॉटेल सोडल्याच्या दिवशी थेट संग्रहालयात जाऊ नका. फ्लॅश घरातूनच बंद करून निघा. सिस्टिन चॅपलमध्ये फोटो अजिबात काढू देत नाहीत, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

रस्त्यावरची चित्रं आणि छोट्या गॅलऱ्या

भित्तिचित्रांचा नकाशा दोन वर्षं जुना असेल तर तो रद्दीच समजा. न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीवरची चित्रं नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत पांढऱ्या रंगाने झाकली गेली. नंतर कलाकारांना न्यायालयात भरपाई मिळाली, चित्रं मात्र गेली ती गेलीच. अलीकडचे फोटो तारखेसह पाहा, मगच तिकडची बस धरा.

खासगी गॅलऱ्या बऱ्याचदा रविवार-सोमवारी बंद असतात आणि दोन प्रदर्शनांच्या मधे आठवडाभर रिकाम्या असतात. प्रवेश मोफत असूनही लोक दारावरूनच परत जातात, कारण काचेचं दार बंद दिसतं आणि आत कोणीतरी एकटंच बसलेलं असतं. बेल दाबा, आत जा. विकत घेण्याची अपेक्षा कोणी धरत नाही. टेबलावर चित्रांची यादी असते, ती मागून घ्या. भिंतीवर नावं नसतात, यादीत असतात. निघताना तिथल्या माणसाला विचारा की या आठवड्यात आसपास आणखी काय पाहण्यासारखं आहे. एरवी गप्प बसलेला तो माणूस पेन काढून त्याच यादीच्या पाठीमागे दोन-तीन पत्ते लिहून देतो, आणि कुठल्या दारावर बेल नाही, ढकलायचं, हेही सांगतो.