मोठ्या प्लॉटवरचा बैठा बंगला घेताय? या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी सांगलीत लोकांना घर घेण्याआधी तपासून देतो. विश्रामबागच्या पुढं, कुपवाडकडं, माधवनगर-बुधगावच्या बाजूला हल्ली दहा-बारा गुंठ्यांतले नव्या धाटणीचे बैठे बंगले बरेच विक्रीला येतात. सपाट स्लॅब, लांब पोर्च, हॉलला जमिनीपर्यंत काच, मागं हिरवंगार लॉन. बघायला आलेली मंडळी गाडीतून उतरतात, काचेचं दार सरकवून बघतात, किचनचे ड्रॉवर ओढतात आणि अर्ध्या तासात विसार द्यायची भाषा सुरू करतात. अशा घराच्या किमतीत मोठा वाटा जमिनीचा असतो. त्या जमिनीकडं मात्र पाच मिनिटंही कुणी बघत नाही.

मी घरात सगळ्यात शेवटी शिरतो. आधी कंपाउंडच्या आतून एक फेरी, मग बाहेरून एक. एजंट घाई करतो, त्याला करू द्यावी.

माती न बघता घर बघणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. लोकांना वाटतं, एकच मजला आहे, वजन कमी, मग भीती कसली? खरं तर वजन कमी म्हणूनच भीती जास्त. तीन मजल्यांचा भार मातीला दाबून धरतो. हलकं बैठं घर फुगणारी माती सहज उचलते.

तीन वर्षांपूर्वी एक काका-काकू निवृत्त होऊन पुण्याहून परत आले आणि त्यांनी अकरा गुंठ्यांतला असा बंगला घेतला. घर बघितलं जानेवारीत, खरेदीखत फेब्रुवारीत. मला फोन आला ऑगस्टमध्ये. काकू म्हणाल्या, "अहो, बेडरूमचं दार लागतच नाही, खाली फरशीला घासतंय." गेलो. हॉलच्या मधोमध गोटी ठेवली तर ती आपोआप भिंतीकडं घरंगळत गेली. फरशी मध्यभागी फुगली होती. मग दाराखाली छोटा आरसा सरकवला. खालच्या कडेला रंधा मारून वर रंग दिलेला होता, आणि तो रंग जुना होता. म्हणजे आधीच्या मालकाला दुखणं माहीत होतं.

दोन फरश्या उचलल्यावर कारण दिसलं. फुटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या पायाच्या, खड्ड्यांतून निघालेली काळी मातीच जोत्यात भरली होती. मुरूम आणायचा खर्च वाचवला. बाहेर खड्डा घेतला तर फुटिंग साडेचार फुटांवर, तेही काळ्या मातीतच. मुरूम लागला त्याच्याही खाली, सात फुटांच्या आसपास. त्यात आणखी भर म्हणून एका बाजूला लॉनचे फवारे थेट भिंतीवर पडत होते आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून निलगिरीची तीन झाडं पाणी ओढत होती. घराची एक कड कायम ओली, दुसरी कायम सुकी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली होती ती यामुळंच.

सगळी फरशी काढली, भराव उपसला, मुरूम थराथरानं पाणी मारून धुमसला, वर काँक्रीट आणि नवी फरशी. भिंतीलगतचं लॉन काढून घराभोवती पाच फूट रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा केला. खर्च पाच लाखांच्या वर गेला आणि दोन महिने ते दोघं मुलीकडं राहिले. फुटिंग मात्र सहजासहजी बदलता येत नाही. ती खिडकीजवळची भेग आजही दर मे महिन्यात केसाएवढी उघडते. काकांनी निवृत्तीचे पैसे घातले होते. त्या दिवशी ते पायरीवर नुसते बसून होते, ते मला विसरता येत नाही.

म्हणून माझी सवय अशी: पिशवीत ओळंबा, टॉर्च, आरसा आणि दोन गोट्या. प्रत्येक दार उघडून अर्ध्यावर सोडायचं, आपोआप फिरतंय का बघायचं. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरला की भेगा बुजवायला रंगाखाली भरलेली लांबी (पुट्टी) दिसते. आणि बागेच्या कोपऱ्यात तीन-चार फुटांचा खड्डा घेऊ द्या म्हणून मागायचं. मालक नाही म्हणाला तर जवळपास कुठं पाया खोदतायत तिथं जाऊन उभं राहायचं. माती काय आहे ते उघड्यावर दिसतं. आरसीसीचे नकाशे मागा, फुटिंग किती खोल घेतलंय ते त्यात असतं.

आणि घर दोनदा बघा. एकदा कडक उन्हाळ्यात, एकदा पाऊस लागल्यावर. "तोवर घर हातचं जाईल," असं प्रत्येक जण म्हणतो. गेलं तर जाऊ दे. बंगले विक्रीला येतच राहतात. सहा महिने थांबता येत नसेल त्यानं निदान आधी झालेल्या पावसाळ्याच्या खुणा तरी शोधाव्यात.

"पाणी येतं का?" असं मालकाला विचारणं

मालक म्हणतो, "घरात कधी आलं नाही." तो खरं बोलत असतो. पण रस्ता चार दिवस पाण्याखाली होता, संडासातून पाणी उलटं येत होतं, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोसले आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. म्हणून प्रश्न असा विचारा: २०१९ मध्ये या गल्लीत पाणी कुठवर होतं? आणि तो मालकाला नाही, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला किंवा गिरणीवाल्याला विचारा. कंपाउंडच्या बाहेरच्या अंगावर, विजेच्या मीटरच्या पेटीमागं पाण्याची रेघ शोधा. घर रंगवतात, त्या जागा रंगवायच्या राहतात.

पूररेषेचा नकाशाही बघायचा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर मी कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ देत नाही.

छपराकडं मान वर न करणं

बैठ्या घराचा सगळा पाऊस आणि सगळं ऊन एकाच स्लॅबवर. शिडी मागा आणि वर जा. दोन बादल्या पाणी ओता, डबकं कुठं थांबतं ते बघा. पांढरा चकचकीत नवा कोट दिसला तर गळती कुठं होती ते विचारा. आत पीओपीची छत असेल तर एक दिवा काढायला लावून भोकातून टॉर्च मारा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्यालगत डाग हमखास सापडतात. वर सोडलेल्या गंजक्या सळ्या दाखवून "मजला चढवता येईल" असं सांगितलं, तर नकाशाशिवाय विश्वास ठेवू नका.

पश्चिमेची मोठी काच असेल तर एप्रिलमध्ये दुपारी चारला त्या हॉलमध्ये पंखा बंद करून अर्धा तास बसा.

ड्रेनेजची लाईन नसलेल्या भागात सेप्टिक टाकीचं पाणी कुठं जातं ते बघा. काळ्या मातीत शोषखड्डा शोषत नाही.

भिंत म्हणजे हद्द समजणं

कंपाउंडची भिंत गवंड्यानं बांधलेली असते, भूमी अभिलेखानं नाही. मोजणी करून घ्या. सातबाऱ्यावर अकरा गुंठे आणि जागेवर साडेदहा, हे मी अनेकदा बघितलंय. अर्धा गुंठा म्हणजे जवळपास साडेपाचशे चौरस फूट, त्याचे पैसे आपण मोजत असतो. जागा गुंठेवारीतली, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेली, असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र, बिनशेती असेल तर मंजूर ले-आउट आणि बांधकामाचा परवाना, भोगवटा प्रमाणपत्र. "कागद सगळे क्लिअर आहेत" हे एजंटचं वाक्य आहे, कागद नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या आणि बोज्याच्या जुन्या नोंदींचा तपास, करून घ्या.

गुंठे गुणिले दर

शेजारच्या दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा दर घेऊन त्याला अकरानं गुणणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. मोठ्या प्लॉटला गिऱ्हाईक कमी, म्हणून गुंठ्याचा दर खाली येतो. मागचा लांबट तुकडा, जिथं स्वतंत्र रस्ता निघत नाही, त्याची किंमत पुढच्या तुकड्याएवढी धरायची नाही. मी वहीत दोन खाने करतो: जमीन एकीकडं, बांधकाम दुसरीकडं. बांधकामातून वय वजा, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग वजा, घराभोवतीचा पट्टा वजा. त्या काका-काकूंच्या बंगल्याची वही मी नंतर त्यांच्यासमोर बसून मांडली. मोजणीत कमी निघालेली जागा, फरशीचा खर्च आणि मागचा रस्ता नसलेला तुकडा धरून त्यांनी जवळपास चौदा लाख जास्त दिले होते.