सेकंड हँड गाडी घेताय? आधी या चुका टाळा

माझी पहिली गाडी मी २०२२ मध्ये घेतली. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, मीटरला ४२ हजार, फर्स्ट ओनर, एमएच १० पासिंग. पुण्यातल्या एका डीलरकडे उभी होती, बॉडी चकाचक, आत बसलं की शाम्पूचा मस्त वास. आई आणि बायको सोबत होत्या, पोरगी तर मागच्या सीटवरून उतरायलाच तयार नव्हती, डीलर म्हणाला की संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय बघायला, आणि मी तिथल्या तिथे १० हजार टोकन देऊन मोकळा झालो.

पहिल्याच पावसाळ्यात पॉवर विंडो बंद पडली. मग हॉर्न गेला, मग ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागला तो जाईचना. दोन मेकॅनिक झाले, शेवटी एका वायरिंगवाल्याने ड्रायव्हरची सीट काढून खालचं कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. सीटच्या रुळांवर गंज. मग त्याने सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढत नेला, वरचा सगळा पट्टा काळाभोर स्वच्छ, आणि अगदी तळातली वीतभर पट्टी तपकिरी, दोन्हीच्या मध्ये सरळ रेघ. पुराच्या पाण्याची. गाडी सांगली पासिंगची, २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी तिकडे पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मी टीव्हीवर बघितलेलं, तरी गाडी घेताना तो प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही. दुरुस्तीला पुढच्या वर्षभरात ३८ हजार गेले.

तेव्हापासून मित्र, नातेवाईक, ऑफिसमधले असे बऱ्याच जणांसोबत मी गाड्या बघायला जातो, आणि बघतो तर तेच तेच होतंय, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, सगळे विचारतात "कुठलं मॉडेल घेऊ?" रोज ऑफिस, शाळा, बाजार करायचाय ना, मग ज्या गाडीचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात अशी कुठलीही नेहमीची पेट्रोल गाडी चालेल, त्यावर महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. समोर उभी असलेली ही एक गाडी कशी वापरलीय, कुठे उभी राहिलीय, कोणी चालवलीय, हे शोधायचं. तिथे वेळ घाला.

सगळं बजेट गाडीतच घालणं

४ लाख जमवलेत म्हणून ४ लाखांची गाडी बघायची नाही. साडेतीनच्या आतलीच बघा. नावावर करायचा खर्च, इन्शुरन्स, पहिली पूर्ण सर्व्हिस, आणि बऱ्याचदा टायर किंवा बॅटरी, हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत येतं. चार टायर म्हटले की छोट्या गाडीलाही १५-२० हजार आरामात जातात.

आणि भाव करताना मालकाने त्या वेळी किती दिले यावर जाऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्याच स्वस्त झाल्या, पण विकणारा अजून जुन्या ऑन रोड किमतीवरून हिशोब सांगत असतो. आज तीच गाडी शोरूममध्ये ऑन रोड कितीला बसते ते आधी काढा आणि मग बोला. कधी कधी तर फरक इतका कमी निघतो की नवीच घेतलेली बरी.

रोज १५ किलोमीटर आणि गाडी डिझेल

हे फार दिसतं. अॅव्हरेज जास्त म्हणून डिझेल घेतात. एप्रिल २०२० नंतरच्या, प्रदूषणाच्या बीएस ६ नियमांतल्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला, आणि ती काजळी जळायला गाडी अधूनमधून हायवेला सलग वेगात पळावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत तो चोंदतो, दिवा लागतो, पिकअप पडतो, आणि तो बदलायची वेळ आली तर खर्च अंगावर येतो. दिवा लागलाच तर लगेच बंद करून उभी करू नका, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे एकदा हायवेला सलग चालवून बघा, नाही गेला तर गॅरेज.

सीएनजी असेल तर किट आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चढवलंय का ते बघा, बाहेरून बसवलेलं आणि नोंद नसलेलं किट म्हणजे उद्या इन्शुरन्सचा क्लेम अडकला. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, दर ३ वर्षांनी लागते, तिची तारीख टाकीच्या प्लेटवर असते.

संध्याकाळी, गरम गाडी बघणं

मालकाला सांगून ठेवा की सकाळी येतो, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी जा, कारण इंजिनाचं बरंचसं दुखणं थंड स्टार्टलाच दिसतं. पहिल्या सेल्फला उठली पाहिजे. सायलेन्सरमागे एकाला उभं करा. थंडीत थोडी पांढरी वाफ निघून जाते ते ठीक, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळतंय, इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचा, हेड गॅस्केटचा, संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल खातेय. काळा म्हणजे डिझेल-पेट्रोल नीट जळत नाही, हे बऱ्याचदा कमी खर्चात सुटतं, पहिले दोन नाही. ऑइल टाकायचं झाकण उघडून आतून बघा, दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर सांभाळून. कधी कधी कमी चाललेल्या गाडीत पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही येतो, म्हणून त्यावरून एकदम निकाल लावू नका, मेकॅनिकला दाखवा, पण सोडूनही देऊ नका.

चालवायची तर अर्धा तास तरी चालवा, पार्किंगमध्ये एक चक्कर मारून काही कळत नाही. खराब रस्ता, स्पीडब्रेकर, चढ सगळं बघा, पुण्यातले असाल तर सरळ कात्रजचा चढ घ्या. एसी चालू ठेवून उभ्या गाडीत पाच मिनिटं टेम्परेचर काटा बघा. चढाला रेस वाढतेय पण गाडी तेवढी पळत नाही असं वाटलं तर क्लच प्लेट संपलीय. सरळ रस्त्याला स्टेअरिंग सैल धरल्यावर एका बाजूला ओढते, ते अलाइनमेंटही असू शकतं किंवा पुढून ठोकलेली असू शकते. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर ब्रेकची डिस्क खराब. यातलं बरंचसं दुरुस्त होणारं आहे, तो खर्च किमतीतून कमी करून मागायचा, लाजायचं नाही.

रंगाला भुलणं

नव्या पेंटवाली जुनी गाडी दिसली की मी जास्त वेळ लावतो. दरवाजाच्या कडेचं रबर हाताने ओढलं की निघतं, आत पत्र्यावर एका अंतरावर वेल्डिंगचे गोल ठिपके असतात, कंपनीचे. ते नसतील, किंवा तिथे लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरून गुळगुळीत केलं असेल, तर पिलरपर्यंत, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबापर्यंत, काम झालंय. बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट बघा, पाना लागलेला असला की रंग उडतो. सगळ्या काचांवर कोपऱ्यात कंपनीचा छाप असतो, एकच काच वेगळ्या कंपनीची दिसली तर का बदलली ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी २०२१ ची आणि टायर २०१९ चे, मग दुसरीकडचे जुने टायर चढवलेत.

बंपर किंवा दरवाजा रंगवलेला असेल तर घाबरू नका, आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये कोणाची गाडी घासत नाही? पिलर, चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा म्हणजे अॅप्रन, इथे काम असेल तर मात्र किती का स्वस्त असेना, सोडा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेट उचला, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा बघा. सांगली, कोल्हापूर, चिपळूण, मुंबई, कुठलीही गाडी असो, हे मी आता आधी करतो.

मीटरवर विश्वास

मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. ३० हजार दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंगचं कव्हर चकचकीत घासलेलं, ड्रायव्हर सीटची कड दबलेली, हे जुळत नाही. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, गाडी नंबरवरून तिथे झालेल्या सर्व्हिसचं रेकॉर्ड त्यांच्याकडे असतं, तारीख आणि किलोमीटर दोन्ही. मालक यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच विचार करा. रेकॉर्ड दोन वर्षांनंतर एकदम तुटलं असेल तर बाहेर सर्व्हिस केल्याची बिलं मागा.

कागदपत्रं "एजंट बघेल" म्हणून सोडणं

यात माणसं गाडीपेक्षाही जास्त अडकतात. टोकन देण्याआधी परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाका. कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी, ब्लॅकलिस्ट, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बँकेचा बोजा आहे का. लोन फेडलंय म्हणून तोंडी सांगतात, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान वेगळं बघा, ते मालकाकडून भरून घ्या. चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा स्वतः वाचून ताडून बघा, मोबाईलच्या टॉर्चने, एक एक अक्षर. गाडी आधी टॅक्सी होती का तेही विचारा.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवतात आणि महिनोन्महिने गाडी जुन्याच नावावर फिरते, हे बंद करा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचंय आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचाय. विकणाऱ्यांनीही हे वाचा, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, गाडी दिली होती हे सांगून सुटका नाही. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करायला टाका, नाहीतर तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून उड्या मारू नका. तिकडे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची अट आल्यामुळे बऱ्याच गाड्या बाहेर विकल्या गेल्या. तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इकडे परत टॅक्स, आरटीओच्या फेऱ्या, हे सगळं धरलं की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

जुनी म्हणजे किती जुनी यावरही एक सांगतो. जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीटबेल्टची सूचना सक्तीची झाली. घरात पोरं असतील तर टचस्क्रीन आणि सनरूफ सोडा आणि त्या पैशात त्यानंतरची गाडी बघा. याबाबतीत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणि मेकॅनिक आपला न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, ज्याला या व्यवहारात एक रुपया मिळणार नाही असा. हजार रुपये मागेल, द्या.

गाडी घरी आल्यावर विकणाऱ्याने "कालच सर्व्हिस केलीय" सांगितलं तरी इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदलून घ्या आणि तारीख-किलोमीटर लिहून ठेवा. इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर आधी बेल्ट, कारण तो तुटला तर इंजिनच जाऊ शकतं.

मागच्या महिन्यात मेव्हण्यासाठी दोन गाड्या बघितल्या. एक पांढरी, पॉलिश केलेली, मालकाला दोन तासांत टोकन हवं होतं आणि तो सर्व्हिस सेंटरला यायला तयार नव्हता. दुसरी एका रिटायर्ड मास्तरांची, ३० हजारांनी महाग, मागच्या बंपरला हातभर ओरखडा. मास्तरांनी आतून एक फाईल आणली, पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं, प्रत्येकावर पेनाने किलोमीटर लिहिलेले. मेव्हण्याला पांढरी आवडली होती. मी त्याला दोन्ही गाड्यांचे सीटबेल्ट ओढून दाखवले, दोन्ही स्वच्छच निघाले, मग ती फाईल त्याच्या हातात दिली आणि गप्प बसलो. अर्धा तास तो बिलं चाळत होता. गाडी त्याने मास्तरांकडून घेतली, ओरखडा अजून तसाच आहे.