आकाशवाणीवर कॅज्युअल उद्घोषक व्हायचंय? आधी घड्याळ उलटं वाचायला शिका

कॅज्युअल म्हणजे कायमचे नाही, ड्युटीपुरतं बोलावतात. ऑडिशनबद्दल फार लिहीत नाही. लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मग वाणी कोर्स (निवड झालेल्यांचं आकाशवाणीचं प्रशिक्षण), हे तुम्हाला माहीत असेलच. एवढंच सांगते की 'चमचा' आणि 'चिमटा'मधला च वेगळा आहे, आणि तो तुमच्या तोंडून वेगळा आला नाही तर काचेपलीकडे बसलेल्या परीक्षकांना दोन सेकंदांत कळतं. रोज पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचा, बास. हजारो रुपये भरून वीकेंडला 'व्हॉइस मॉड्युलेशन' शिकायला जाऊ नका. माझ्यासोबत तसे शिकून आलेले दोघं होते, दोघंही अमीन सायानींची नक्कल करत होते आणि दोघंही बाद झाले. मराठी केंद्रावर जिल्ह्याचं हवामान आणि कांद्याचे भाव त्या सुरात वाचता येत नाहीत हो!

आता मी जिथे आपटले ते सांगते.

तिसरी की चौथी ड्युटी. संध्याकाळच्या बातम्यांआधी १५ मिनिटं फर्माइशी गाणी. बातम्या बाहेरून रिलेने येतात, म्हणजे दुसऱ्या केंद्रावर वाचल्या जातात आणि आपण त्या थेट घेतो, त्या आपल्यासाठी थांबत नाहीत. मी हुशारीने आधीच चार गाणी काढून बेरीज केली होती, ३:२५, ३:४०, ३:५० आणि ३:२०, एकूण १४ मिनिटं १५ सेकंद, वर ४५ सेकंद शिल्लक, मला वाटलं वा, मस्त बसलं. आणि मी बोलणार आहे हेच विसरले! प्रत्येक गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं, गावं, मग गीतकार, संगीतकार, गायक, भरभर वाचलं तरी २५ सेकंद जातात. चार गाण्यांचे झाले १०० सेकंद, आणि बातम्यांची घोषणा १० सेकंद. म्हणजे मी १ मिनिट ५ सेकंद जास्तीची गाणी घेऊन बसले होते आणि हे मला शेवटचं गाणं लावल्यावर कळलं.

काय करणार, अंतऱ्याच्या मधेच फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली. ड्युटी रूमला लगेच फोन, एक आजोबा, "अहो बाई, महिनाभर वाट बघितली या गाण्याची, पुरं तरी लावायचं."

पुढच्या ड्युटीला मी इतकी घाबरले की गाणी कमी घेतली आणि ४० सेकंद आधीच मोकळी झाले, हाताशी काहीच नाही. रेडिओवर ४० सेकंद शांतता म्हणजे काय ते स्टुडिओत बसल्याशिवाय कळणार नाही. लोकांना वाटतं सेल संपला.

तेव्हा एका सीनिअर मॅडमनी (शिकवायच्या कमी, ओरडायच्या जास्त, पण मला त्याच लाभल्या) कागदावर करून दाखवलं. हिशोब शेवटाकडून सुरू करायचा. समजा बातम्या ७:०५ ला आहेत. घोषणेला १० सेकंद, म्हणजे ७:०४:५० ला तोंड उघडायचं. शेवटी गाणं ठेवायचंच नाही, ४ मिनिटांची बासरी किंवा सतार ठेवायची, आणि ती फेडर बंद ठेवून बरोबर ७:००:५० ला सुरू करायची. आत ती वाजत राहते, ऐकणाऱ्याला कळत नाही, तुमचं गाणं आणि बोलणं उरकलं की फेडर हळूच वर घ्यायचा. ती मधूनच ऐकू आली तरी वाद्यसंगीताला शब्द नसतात, कुणाची फर्माइश तुटत नाही, आणि ती संपते अगदी तुमच्या घोषणेच्या तोंडाशी. मात्र क्यू शीटवर (कार्यक्रमाच्या क्रमाच्या कागदावर) लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक गाण्याची लांबी स्वतः बघायची, आणि स्वतःचं बोलणं घड्याळ लावून मोजायचं. मनातल्या मनात वाचून मोजू नका, मनात आपण फार वेगाने वाचतो.

आणि हो, ही नोकरी नाही. एकेकाला महिन्याला फार तर पाच-सहा ड्युट्या, कारण त्या बऱ्याच लोकांत वाटल्या जातात. पर्मनंट होईन या आशेवर हातातलं काम सोडून येऊ नका, मी सोडलं होतं आणि दोन वर्षं घरी काय सांगायचं ते कळत नव्हतं. आता सकाळी शिकवण्या घेते, ड्युटी असली की संध्याकाळी केंद्रावर.

चुकाल तर नक्की. पण चूक झाली की लॉगबुकमध्ये स्वतः लिहा, वेळेसकट. आमच्याकडे ते कापलेलं गाणं अजून आहे वहीत, माझ्या अक्षरात. आजोबांचं गाणं पुढच्या आठवड्यात पहिलंच लावलं, पूर्ण, ३ मिनिटं २० सेकंद. फोन काही आला नाही.